जावयाची जबानी, सासूच्या तोंडून

आमच्या घरात तीन माणसं, आणि तिघांचंही पोट मानेच्या वरच्या भागावर चालतं. माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. आणि आई दुभाषी आहे. कोर्टात, दवाखान्यात, सरकारी कचेऱ्यांमध्ये आपल्याकडच्या माणसाचं बोलणं इथल्या भाषेत करून द्यायचं आणि इथल्यांचं आपल्या भाषेत, हे तिचं काम. आई-बाबा या देशात आले त्याला एकतीस वर्षं झाली. बाबांना जाऊन सहा.

नवरा मात्र अगदी नवखा. तिकडे राहणाऱ्या माझ्या काकांची कवळी बोलता बोलता निसटायची, ती त्याने नीट करून दिली. त्या निमित्ताने ओळख झाली आणि पुढचं सगळं झालं. लग्नानंतर तो इथे आला तेव्हा त्याला इथल्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येत होते, त्यातले तीस दातांचे. कारखान्यात तेवढ्यावर भागायचं. मेण, साचा, वरचा जबडा, खालचा जबडा. कवळी काही तुमच्याशी गप्पा मारत नाही.

आई त्याला 'जावईबापू' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा मान. मला ठाऊक होतं की आई ज्याला अहो-जाहो करते त्याला तिने अजून उंबऱ्याबाहेरच उभं केलेलं असतं. ती वाईट वागायची असं अजिबात नाही. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण गुपचूप लावून ठेवायची. पण दिवसभर दुसऱ्यांचं बोलून घरी आल्यावर तिच्याकडे स्वतःचे शब्द फारसे उरायचे नाहीत, आणि जे उरायचे ते माझ्या वाट्याला यायचे. नवरा तिच्यासमोर तपासणीला आलेल्या शाळेतल्या मुलासारखा ताठ बसायचा. एकटा असला की तो माझ्याहून जास्त बडबडतो, हे आईला माहीतच नव्हतं.

आईची एक गाडी आहे. राखाडी रंगाची, लहानशी, अकरा वर्षांची. तिने आणि बाबांनी मिळून घेतलेली. गाडीचा विषय निघाला की आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "एकतीस वर्षं चालवतेय या देशात. माझ्या गाडीला एक ओरखडा नाही." पाहुण्यांना सांगायची, विमावाल्याला सांगायची, एकदा तर चुकून आमच्याकडे आलेल्या पार्सलवाल्यालाही सांगितलं होतं.

अपघात झाला तो एका मंगळवारी सकाळी. इथे असा नियम आहे की बाहेरून राहायला आलेल्या माणसाचं स्वतःच्या देशातलं लायसन्स एक वर्ष चालतं. त्याच्या आत ते इथल्या लायसन्सशी बदलून घ्यायचं. नवऱ्याचा दहावा महिना चालू होता. कारखान्याच्या मालकाने त्याला कवळ्या पोचवायचं आणि तोंडात बसवून बघायचंही काम द्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी तो कारखान्याची छोटी व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाकडे निघाला होता. मागे अकरा डब्यांत अकरा कवळ्या.

वाटेत एक गोल चौक आहे. चार रस्ते येऊन मिळतात, मधे गवताचा मोठा गोल. एकदा गोलात शिरलं की हक्क आपला, बाहेरच्यांनी थांबायचं. हा नियम नवऱ्याने वाचलेला होता. पण तो गोलात शिरला आणि बाजूच्या रस्त्यावरून एक मोठी बस आली. आता हा माणूस अठरा वर्षं अशा रस्त्यांवर गाडी चालवत आलेला, जिथे मोठं वाहन आलं की लहानाने मुकाट थांबायचं असतं. याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वर याने काचेतून हात करून बसवाल्याला "या, या" केलं. बसवाला जागचा हलेना. त्याला कळेचना की हा बाबा आपल्याला गोलात का बोलावतोय. तेवढ्यात मागून एका नळदुरुस्तीवाल्याची पिकअप आली आणि तिने व्हॅनला धडक दिली.

लागलं कोणालाच नाही. नळवाल्याची मान दोन दिवस आखडली, तेवढंच. पण व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि डबे रस्त्यावर सांडले. मी दुकानातून धावत पोचले तेव्हा एक तरुण पोलीस वाकून एकेक कवळी उचलत होता, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःच्या तोंडापासून जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरत होता. नवरा पदपथावर बसून मोजत होता.

"साडेदहा," तो मला म्हणाला. "एकाचा खालचा जबडा मिळत नाहीये."

"तू ठीक आहेस का ते सांग आधी."

"मी ठीक आहे. पण त्या आजोबांनी दीड महिना वाट पाहिली होती गं."

खालचा जबडा पिकअपच्या चाकाखाली सापडला. दोन तुकडे झाले होते.

तीन आठवड्यांनी परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. लायसन्स बदलून मागणाऱ्या परदेशी माणसाच्या हातून वर्षाच्या आत अपघात झाला असेल तर आधी त्याची तोंडी जबानी होते. किती वर्षं गाडी चालवतोय, कुठे शिकला, आधी काय काय केलंय, सगळं विचारतात. जबानी शपथेवर आणि सरकारी यादीतल्या दुभाष्यामार्फत. घरचं एक माणूस मागे बसू शकतं, पण तोंड उघडायचं नाही.

यादीत आपल्या भाषेची दोनच नावं होती. एक गृहस्थ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर रजेवर. दुसरं नाव आईचं.

आईने कार्यालयाला कळवलं की अर्जदार माझा जावई आहे, मला हे काम घेता यायचं नाही. कार्यालयाने उलट कळवलं की नातं लेखी जाहीर केलं तर आमची हरकत नाही. नाहीतर पुढची तारीख चार महिन्यांनी. चार महिन्यांनी नवऱ्याचं वर्ष केव्हाच संपलेलं असणार होतं, आणि मालक पोचवण्याचं काम दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा झाला असता.

आई रात्रीच्या जेवणानंतर ताटं आवरता आवरता बोलली. नवऱ्याकडे पाहून, उभ्याने.

"मी करते काम. पण जावईबापू, एक लक्षात ठेवा. त्या खोलीत मी तुमची सासू नाही. तुम्ही जे बोलाल ते मी बोलणार. पदरचं घालणार नाही आणि गाळणारही नाही. तुम्ही मूर्खपणा केला असेल तर तो मी जशाच्या तसा पोचवणार."

"हो, आई."

"आणि तोपर्यंत या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तसा नियम आहे."

पुढचे नऊ दिवस घरात मोठी गंमत होती. नवऱ्याने चहा पिता पिता नुसतं "त्या चौकात..." असं म्हटलं की आई कप उचलून बाल्कनीत जायची. एकदा तर त्याने चौकोनी डबा कुठे आहे असं विचारायला सुरुवात केली आणि 'चौको' एवढं ऐकूनच ती उठली. तयारी करून घ्यायची पाळी माझ्यावर आली. मी त्याला सांगत होते की विचारलं तेवढंच बोल, पाल्हाळ लावू नकोस. तो मान डोलवायचा. पण मनात त्याच्या काहीतरी वेगळंच घोळत होतं आणि ते काय हे मला चांगलं ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी त्याने विचारलंच.

"आधीच्या अपघातांबद्दल विचारलं तर?"

"नाही विचारणार."

"पण विचारलं तर? शपथ घ्यायची आहे."

मी म्हटलं, "झोप आता." कारण त्या प्रकरणात मीही सामील होते.

जबानीची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता, टेबलावर आवाज टिपायचं यंत्र. अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या, पांढरे केस कानामागे घेतलेल्या, सर्दीने बेजार. समोर नवरा, त्याच्या कडेला जरा मागे आई. ती नेहमीच्या काळ्या कोटात होती, मांडीवर वही. मी भिंतीशी. मला दोन्ही भाषा कळतात, म्हणजे प्रत्येक वाक्य मला दोनदा भोगायचं होतं.

दुभाष्यांची एक रीत असते. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'हे गृहस्थ म्हणतात' असलं काही नाही. आणि स्वतःबद्दल काही सांगायचं झालं तर 'दुभाषी' असं परक्यासारखं सांगायचं. मी आईला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाजच बदलला. घरात तिच्या आवाजात जी धार असते ती गेली, आणि एक स्वच्छ, सपाट आवाज आला, काच घासून झाल्यावर दिसते तसा.

आधी अपघाताचं झालं. गोल, बस, ब्रेक. "मी बसला वाट दिली," आई म्हणाली. "मला वाटलं ते सभ्यपणाचं होईल." अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, गाडी कुठे शिकलात. नवऱ्याने सांगितलं की त्याच्या मामाची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक गाडी आणि मामा. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी पन्नास पावलं पुढे आणि पन्नास पावलं मागे गाडी न्यायला लावली.

"आणि मग?"

"मग साहेब म्हणाले, बास."

आईने 'बास'लासुद्धा नेमका शब्द शोधला. अधिकारी बाईंची लेखणी क्षणभर थांबली. मी छताकडे पाहिलं.

"या देशात आल्यापासून," त्या म्हणाल्या, "याआधी तुमच्या हातून कोणता अपघात झाला आहे का? लहानसाही. कागदावर आलेला वा न आलेला."

आईने प्रश्न मराठीत केला. नवऱ्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, पण त्याला काय ते कळलं असावं, कारण तो परत वळला आणि त्याने सांगून टाकलं.

"हो. गेल्या थंडीत मी माझ्या सासूबाईंची गाडी तळघरातल्या खांबाला घासली."

आईने वहीत काहीतरी लिहिलं. मला मागून तिची नुसती मान दिसत होती. मग त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, "हो. गेल्या थंडीत मी माझ्या सासूबाईंची गाडी तळघरातल्या खांबाला घासली."

अधिकारी बाईंनी समोरचा कागद पाहिला, ज्यावर नातं जाहीर केलेलं होतं. मग आईकडे पाहिलं. आई समोरच्या भिंतीवरचा तक्ता पाहत होती.

"नुकसान किती झालं?"

"मागच्या दाराखाली हातभर ओरखडा. सासूबाई तीन दिवस दुसऱ्या गावी कोर्टाच्या कामाला गेल्या होत्या. त्या यायच्या आत मी तो भरून रंगवला. मी दात बनवतो. दुसऱ्या माणसाच्या दातांशी रंग जुळवायचं माझं कामच आहे. राखाडी त्या मानाने सोपा."

माझा त्यातला वाटा म्हणजे मी तळघरात विजेरी धरून उभी होते. तो त्याने सांगितला नाही, आणि त्यांनी विचारला नाही.

"तिथे आधीचा एक पोचा होता," तो पुढे म्हणाला. "जुना, गंजलेला. तोही काढला."

इथे आई पहिल्यांदा अडखळली. 'पोचा' हा शब्द तिला येत नसेल हे शक्य नव्हतं.

"आधीचा पोचा?" अधिकारी बाईंनी विचारलं. "तो कसा आला?"

आईने प्रश्न विचारला. आवाज जरा कोरडा झाला होता.

"मला माहीत नाही," नवरा म्हणाला.

"मला," आई म्हणाली, आणि थांबली, आणि मग म्हणाली, "माहीत नाही."

मागून मला तिच्या कानाच्या पाळ्या दिसत होत्या. त्या लाल झाल्या होत्या. एकतीस वर्षं आणि एक ओरखडा नाही. मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. त्या क्षणी हसले असते तर जन्मभर पुरलं असतं.

"गाडीच्या मालकाला तुम्ही हे कळवलंत का?"

"नाही."

"का नाही?"

मला वाटलं तो म्हणेल, भीती वाटली. तेवढ्याने भागलं असतं. पण त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो आमच्याशी घरात बोलतो तसा बोलायला लागला. तुकड्यातुकड्यांनी, आईला वेळ देत.

"मी या घरात आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला. त्यात गाडीचीही किल्ली होती. काही बोलल्या नाहीत. नुसता हातात ठेवला."

आईने सांगितलं.

"माझे वडील स्वतःच्या स्कूटरची किल्ली उशीखाली घेऊन झोपायचे. मी तीस वर्षांचा झालो तरी."

आईने सांगितलं.

"सासूबाई माझ्याशी फार बोलत नाहीत. दिवसभर बोलून दमलेल्या असतात. मी असं धरून चाललो होतो की ती किल्ली हेच त्यांचं बोलणं."

आईने वहीत पाहिलं. हे वाक्य तिने टिपलेलंच नव्हतं. तरी ती वाचल्यासारखं करून म्हणाली, एकेक शब्द, न गाळता. "सासूबाई माझ्याशी फार बोलत नाहीत."

"गाडी घासली हे कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या. त्यांनी किल्ली परत मागितली असती. ते मला नको होतं."

हे वाक्य आईने सुरू केलं आणि अर्ध्यावर घसा खाकरला. परत पहिल्यापासून सुरू केलं. शेवटपर्यंत नेलं.

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली. "दुभाषीला थोडी विश्रांती हवी आहे का?"

"दुभाषीला पाण्याचा एक घोट हवा आहे," आई म्हणाली. "विश्रांतीची गरज नाही."

बाईंनी स्वतः उठून पेला भरून दिला. शेवटी रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, दुभाषीला नोंदीत काही घालायचं आहे का. आई म्हणाली, "दुभाषीला नाही." मग वही मिटत म्हणाली, "गाडीच्या मालकिणीला आहे. पण ते नोंदीबाहेर."

अधिकारी बाईंनी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ नाक पुसलं. मला वाटतं ती सर्दी नव्हती.

बाहेर आल्यावर आई आमच्या पुढे चालत वाहनतळावर गेली. गाडीपाशी पोचली, मागच्या दाराशी वाकली, चष्मा काढून हातात घेतला आणि तळहात पत्र्यावरून फिरवला.

"कुठे?"

नवऱ्याने दाखवलं.

"इथे?"

"जरा खाली."

ती पुन्हा चाचपडली. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. उन्हाकडे तोंड करून, मग पाठ करून. "दिसत तर नाही," ती म्हणाली. त्यात नाइलाज होता आणि थोडं कौतुकही.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली पण फिरवली नाही. समोरच्या काचेकडे पाहून बोलायला लागली.

"पोचा माझा होता."

नवरा मागून पुढे वाकला.

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात. मागे घेताना. खांब तोच. आरशात दिसलं नाही, कारण..." तिने हाताने डोळ्यांसमोर काहीतरी झटकलं. "दिसत नव्हतं त्या दिवसांत मला. मग मी वर घरी गेले आणि कोणाला सांगितलंच नाही. सांगायला कोण होतं? हिला सांगितलं असतं तर ही म्हणाली असती, आई, तू आता चालवू नकोस."

मी म्हणाले असतेच. त्या दिवसांत मी तेच म्हणत होते.

"तेव्हापासून त्या बाजूला मी पाहतच नाही. गाडी धुते तीसुद्धा तीन बाजूंनी. तुम्ही हत्ती रंगवला असतात तिथे तरी मला पत्ता लागला नसता."

नवरा मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, "त्या खांबावर आधीपासूनच राखाडी रंग होता, आई. मी घासली तेव्हाच पाहिला होता."

"पाहिला होतात?"

"हो."

"आणि तिथे शपथेवर म्हणालात, मला माहीत नाही?"

"मला खरंच माहीत नव्हतं. राखाडी गाड्या पुष्कळ असतात."

आईने मान फिरवून त्याच्याकडे पाहिलं. मग ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढून ठेवावा लागला. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने बोलतेय," ती म्हणाली. "चोरांच्या, डॉक्टरांच्या, घटस्फोटवाल्यांच्या. पण कोणाच्या तरी वतीने स्वतःलाच घाबरायची वेळ आजच आली."

निकालाचं पत्र पंधरा दिवसांत आलं. अपघाताचा दोष दोघांचा. नळवाल्याने अंतर ठेवलं नाही, नवरा गोलात थांबला. लायसन्स सरळ बदलून मिळणार नाही. रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागेल. तोपर्यंत शेजारी दहा वर्षांचा अनुभव असलेलं माणूस बसलं तरच गाडी चालवता येईल. खाली एक ओळ होती, 'अर्जदाराची उत्तरं विश्वासार्ह वाटली.' नवऱ्याने ती ओळ आईकडून तीनदा वाचून घेतली.

दहा वर्षांचा अनुभव असलेलं माणूस घरात एकच होतं. मी लायसन्स काढून आठच वर्षं झाली होती. दर शनिवारी सकाळी दोघं निघायची. आई शेजारी, पर्स मांडीवर. पहिले दोन शनिवार परत आल्यावर दोघांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे असायचे. "जावईबापू, आरसा बघा." "हो, आई." "जावईबापू, वेग." "हो, आई." असं चाललेलं असायचं म्हणे.

तिसऱ्या शनिवारी तो घरात आला तो थेट स्वयंपाकघरात माझ्याकडे. मी कणीक मळत होते.

"आज त्या चौकात गेलो होतो," तो कुजबुजला. "गोलात शिरलो आणि हा एवढा ट्रक आला. माझा पाय ब्रेकवर गेला."

"पुन्हा?"

"जाणारच होता. तेवढ्यात आई ओरडल्या. अरे थांबतोस काय, चल पुढे."

"मग?"

"मग गेलो पुढे." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला मुद्दाच कळला नव्हता. "थांबतोस म्हणाल्या. मला."

त्या दिवसापासून जावईबापू संपले. मधून मधून 'अहो' यायचं, पण सवयीने. आणि एकदा दार उघडलं म्हटल्यावर आईने सगळा हिशोब चुकता केला. गाडीतच नव्हे, घरातही. अरे, टॉवेल असा टाकतात का. अरे, हे काय घातलंयस. नवरा ते सगळं अशा चेहऱ्याने ऐकून घ्यायचा की बाहेरच्याला वाटावं याचा सत्कार चाललाय. दोन महिन्यांत त्याची भाषाही सुधारली, कारण आई गाडीत त्याच्याशी एक वाक्य मराठीत बोलायची आणि पुढचं इथल्या भाषेत.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. रस्त्याच्या कडेला एक बाई बुटाची नाडी बांधत होती. तिला रस्ता ओलांडायचाच नव्हता. हा तिच्यासाठी थांबून राहिला. तिने नाडी बांधली, मग दुसरी बांधली, मग खिशातून फोन काढला. परीक्षकाने लिहिलं, 'अनावश्यक विनय'. आईने तो कागद वाचला आणि म्हणाली, "हे काही तुझ्यातून जायचं नाही. पण आठवड्यापुरतं तरी कमी कर." दुसऱ्या परीक्षेत त्याने विनय बेताचा ठेवला आणि पास झाला. वृद्धाश्रमातल्या त्या आजोबांना त्याने खालचा जबडा नवा करून दिलाच होता. आता स्वतः जाऊन तो पुन्हा घासून बसवून आला.

लायसन्स हातात आलं त्या रविवारी दुपारी आम्ही तिघं गाडी घेऊन निघालो. कुठे जायचं असं काही ठरलेलं नव्हतं. शहराबाहेर मोठं तळं आहे तिथवर गेलो, काठावर बसलो, आईने थर्मासमधला चहा ओतला. परत येताना मी मागे बसले होते. अर्ध्या वाटेवर बोलणं थांबलं म्हणून पाहिलं, तर आईची मान काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. बाबा चालवायचे तेव्हा ती अशी झोपायची. त्यानंतर दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी असताना मी तिचा डोळा लागलेला पाहिला नव्हता.

आमची गल्ली आली. नवऱ्याने वळायचा दिवा लावला, आईकडे एकदा पाहिलं, आणि दिवा बंद करून गाडी सरळ पुढे नेली.

"कुठे?" मी हळू आवाजात विचारलं.

"कुठे नाही," तो तितक्याच हळू म्हणाला. "पेट्रोल आहे अजून पाऊण तासाचं."